कौलाखालची चूल आणि नायलॉनचा तंबू

पत्राचा सारांश: बेळगाव शहरात राहणाऱ्या एका भगिनींचं पत्र आहे. नाताळच्या सुट्टीत जांबोटीच्या पुढं एका नातेवाइकांच्या शेतात दोन रात्री तंबू टाकून राहायचा बेत ठरलाय. (इकडच्या शाळांना दसऱ्याची लांब सुट्टी, गडहिंग्लजच्या पुतण्यांना दिवाळीची, दोन्हीकडं जुळतात ते एवढेच दिवस.) पाच मोठी माणसं, तीन मुलं, दोन तंबू. दीर म्हणतात, माळावर वारं सुटतं, गॅस टिकत नाही, तेव्हा तंबूच्या पुढच्या पडवीत चेन ओढून घेऊन स्वयंपाक करूया. मिस्टरांचं म्हणणं, सासूबाईंना रात्री थंडी बाधू नये म्हणून कोळशाची शेगडी बाहेर फुलवायची आणि धूर गेला की आत ठेवायची. बाईंना दोन्ही पटत नाही. पण "गावाकडं दारं लावून चूल पेटायचीच की ओ वहिनी, तेव्हा कुणाला काय झालं?" या दिरांच्या प्रश्नावर त्यांच्याकडं उत्तर नाही. त्या विचारतात: मी उगीच घाबरते का? आणि आत नाही, तर स्वयंपाक करायचा कुठं?

ताई,

उगीच घाबरत नाही तुम्ही. पण दिरांचा प्रश्न उडवून लावण्यासारखाही नाही. त्याचं उत्तर त्या गावाकडच्या घरातच आहे.

ते घर डोळ्यांसमोर आणा. वर कौलं, दोन कौलांच्या मध्ये फट. भिंत संपते आणि वासे सुरू होतात तिथं वीतभर मोकळी जागा. आढं बारा-पंधरा फुटांवर. दार लावलं तरी धूर कौलांतून बाहेर पडायचा आणि दाराखालून गार हवा आत यायची. म्हणजे घर 'बंद' कधी नव्हतंच. (आणि 'काही झालं नाही' हेही अर्धंच खरं. चुलीपुढं बसणाऱ्या बायकांचे डोळे आणि छाती काय झाली, ते त्यांनाच ठाऊक.) आता तुमचा तंबू घ्या. चार माणसांचा घुमटी तंबू म्हणजे साधारण सात फूट बाय सात फूट, मधोमध उंची साडेचार फूट. आत हवा मावते तीन-चार घनमीटर. जमिनीचं कापड चारी बाजूंनी वीतभर वर उचललेलं, वरच्या कापडाला पाणी अडवणारा लेप. पाऊस आत येऊ नये म्हणून जे काही केलंय, तेच हवाही अडवतं.

मिस्टरांची शेगडी आधी घेते, कारण दोन्हींत ती जास्त घातक आहे. "धूर गेला की आत" हा हिशोबच उलटा आहे. धूर निदान डोळ्यांत जातो, खोकला येतो, माणूस बाहेर पळतो. लालबुंद निखाऱ्यातून धूर येत नाही, पण कार्बन मोनॉक्साईड भरपूर येतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं प्रवासाचा शीण असेल. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही, तो जागाच होत नाही. राख धरलेला, विझल्यासारखा दिसणारा निखाराही कितीतरी वेळ हा वायू सोडत राहतो. "वरची जाळीची खिडकी उघडी ठेवू" हा तोडगाही चालत नाही, कारण हा वायू हवेइतक्याच वजनाचा असतो. तो वर जाऊन निमूट बाहेर पडत नाही, सगळीकडं मिसळतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे ८ पर्यटक एकाच खोलीत दगावले, खोली उबदार ठेवायला लावलेल्या गॅस हीटरमुळं. ती तर पक्की बांधलेली खोली होती. तेव्हा शेगडी आत नाही, पडवीतही नाही, झोपण्याआधी 'पाच मिनिटं' सुद्धा नाही. मिस्टरांना हे सगळं सांगायला हरकत नाही. त्यांचा हेतू आईला ऊब मिळावी हाच आहे. त्या उबेचं काय करायचं, ते पुढं लिहिलंय.

दिरांच्या पडवीचं थोडं वेगळं. गॅसची निळी ज्योत निखाऱ्यांपेक्षा बरी जळते हे खरं. पण थंड पाण्यानं भरलेलं मोठं पातेलं ज्योतीला अगदी टेकलं की ज्योत गारठते, जळण अर्धवट होतं आणि तोच वायू इथंही तयार होतो. आठ माणसांचा भात म्हणजे पातेलं मोठंच असणार. दुसरं, गळती. घरगुती आणि डब्यातला गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो जमिनीशी साचतो, आणि तंबूचा वीतभर वर उचललेला तळ म्हणजे त्याच्यासाठी परातच. तिसरं, कापड. नायलॉन, पॉलिस्टर कापसासारखं जळत नाही. आधी वितळतं, मग पेटत्या थेंबांनी खाली गळतं आणि कातडीला चिकटतं. आणि पडवी हाच तुमचा दरवाजा. तिथं भडका उडाला तर आत असलेल्या माणसाला वाट राहत नाही. एवढं पुरेसं नसेल तर एक बिनधोक्याचं कारणही आहे: १०० ग्रॅम गॅस जळला की दीडशे मिलीहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. भाताची वाफ वेगळी. ती सगळी थंड कापडावर जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते.

दीर कदाचित म्हणतील, व्हिडिओत गिर्यारोहक पडवीत चहा करतात. करतात. बर्फाच्या वादळात बाहेर उभंच राहता येत नाही तेव्हा, दार उघडं ठेवून, तळहाताएवढ्या बर्नरवर, फक्त पाणी उकळण्यापुरतं. तो नाइलाज आहे. जांबोटीच्या शेतात तसला नाइलाज नाही. पाच मिनिटांवर नातेवाइकांचं घर आहे.

आता तुमचा खरा प्रश्न: मग कुठं?

पोचल्यावर तंबू ठोकायच्या आधी स्वयंपाकाची जागा ठरवा. बहुतेक मंडळी उलटं करतात, सावलीत तंबू ठोकतात आणि उरलेल्या कोपऱ्यात गॅस मांडतात. गॅसला तंबूपासून कमीत कमी ३ मीटर, म्हणजे चार मोठ्या ढांगा. लाकडाची चूल असेल तर आठ-दहा ढांगा. मध्ये तंबूच्या दोऱ्या येता कामा नयेत. अंधारात उकळतं पातेलं घेऊन येणारा माणूस दोरीला अडखळतो, हा अपघात सहज होतो. प्रत्येक दोरीला पांढरी चिंधी बांधा. चिमूटभर राख किंवा धूळ सोडून वारा बघा. धूर आणि ठिणग्या तंबूपासून लांब जातील अशा बाजूला चूल हवी. पण दुपारी बघितलेला वारा रात्री तोच राहील असं नाही. उतारावर रात्री गार हवा वरून खाली वाहते. म्हणून चूल तंबूंच्या वरच्या अंगाला नको, एका कडेला असू दे.

डिसेंबरअखेर माळावरचं गवत वाळलेलं असतं. चुलीभोवती दीड मीटरपर्यंतचं गवत, पाचोळा खरवडून माती उघडी करा. वाऱ्याला आडोसा म्हणून शेताचा बांध सुचतो, पण बांधावरच सगळ्यात जास्त वाळकं गवत असतं. त्यापेक्षा पत्र्याचा दुमडता आडोसा न्या किंवा तीन बाजूंनी दगड-विटा रचा. गाडीचा आडोसा घ्यायचा तर तिच्यापासूनही ३ मीटर सोडून.

गॅस डब्याचा की सिलिंडरचा, हे पत्रात नाही. बहुधा सुटकेससारखी पेटी असलेला, बाजूला २२०-२३० ग्रॅमचा डबा बसणारा स्टोव्ह असेल, हल्ली घरोघरी तोच दिसतो. तो चांगला आहे, पण भाकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. घरचा मोठा लोखंडी तवा त्यावर ठेवला की तव्याची एक कड डबा बसतो त्या झाकणावर येते. तवा तापतो, झाकण तापतं, आत डबा तापतो आणि त्यातला दाब वाढतो. डब्यावर ५० अंशांच्या वर तापवू नका असं छापलेलं असतं ते याचसाठी. तेव्हा तव्याची किंवा पातेल्याची कड बर्नरच्या चौकटीच्या आतच हवी. दहा मिनिटांनी झाकणावर तळहात ठेवून बघा, कोमटाच्या वर लागलं तर बंद करा. दोन स्टोव्ह शेजारी शेजारी लावून वर एकच लांब तवा ठेवायचा नाही. तोच नियम आडोशाला: पत्रा चारही बाजूंनी गुंडाळायचा नाही, डब्याची बाजू उघडी. काही स्टोव्ह दाब वाढला की डबा आपोआप सोडतात. तसं झालं तर लगेच परत खटका दाबू नका, दोन्ही गार होऊ द्या.

डबा बसवताना त्याची खाच स्टोव्हच्या दांड्याशी जुळवा, साबणाचं पाणी सांध्याला लावून बुडबुडे येतात का बघा, मगच पेटवा. डबा बदलायचा तो उघड्यावर, जवळ बिडी, कॉईल, दिवा काही नसताना. पूर्ण आचेवर एक डबा दीड तासाच्या आसपास चालतो. आठ माणसांना दोन दिवसांसाठी, जेवण बेतानं ठरवलं तर चार पुरावेत, एक हाताशी जास्त. पहाटे डबा गार पडला की ज्योत मंदावते. तो चुलीजवळ शेकवायचा मोह होतो. नको. अंगावरच्या शालीत पाच-दहा मिनिटं गुंडाळून धरला की काम होतं. कुठल्याही दुकानात बेकायदा भरून मिळणारा, डोक्यावर थेट बर्नर फिरवलेला छोटा सिलिंडर मात्र नेऊ नका. त्याची रबरी रिंग कधीची आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि वर मोठं पातेलं ठेवलं की तो डुगडुगतो. न्यायचाच तर कंपनीचा ५ किलोचा, रेग्युलेटर आणि नळीसकट, कायम उभा. आडवा केला की द्रव गॅस नळीत येतो आणि ज्योत हातभर उडते.

मुलांना लाकडाची चूल हवीच असणार. शेतमालकांना विचारून, शेतातच. भीमगड अभयारण्याच्या किंवा राखीव जंगलाच्या हद्दीत आग पेटवणं गुन्हा आहे. त्या पट्ट्यात शेत कुठं संपतं आणि जंगल कुठं सुरू होतं ते नुसतं बघून कळत नाही, तेही मालकांनाच विचारा. चुलीला ओढ्यातले दगड घेऊ नका. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो आणि कपच्या उडतात. जांभा तर सच्छिद्रच, पाणी धरून ठेवणारा. उन्हात पडलेले कोरडे काळे दगड किंवा विटा बऱ्या. सरपणात ओला बांबू नको; त्याची पेरं बंद असतात, आतली हवा-वाफ तापून फटाक्यासारखी फुटतात. कणसं, बटाटे भाजायला काड्या तोडताना कण्हेर तेवढी ओळखून सोडा, विषारी असते, तिचा धूरही. विझवताना वर माती लोटून जाऊ नका, मातीखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. पाणी, काठीनं ढवळणं, परत पाणी, आणि शेवटी हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघायचं. ऊब लागली तर अजून पाणी.

चुलीजवळ एक बादली पाणी, एक बादली माती, एक भिजवलेलं गोणपाट. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी नाही, झाकण आणि गॅस बंद. खरं तर तळण बेतातून काढूनच टाका. मुलांसाठी चुलीभोवती मीटरभरावर राखेची रेघ ओढा. "लांब राहा"पेक्षा रेघ लवकर कळते. चुलीपुढं बसणाऱ्यानं पदर-ओढणी खोचलेली, अंगात नायलॉनचं जर्किन नसलेलं.

इथं एक विचारू का? दोन दिवस तिन्ही त्रिकाळ ताजा, गरम स्वयंपाक हवाच, हे कुणी ठरवलं? तुमच्या पत्रात गॅस कुठं मांडायचा यावर दोन पानं आहेत, पण आठ जणांचं रांधणार कोण ते लिहिलेलं नाही. आपल्या भागात कडक भाकरी मिळते, महिनाभर टिकते. तिच्याबरोबर शेंगाचटणी, दही, कांदा. दशम्या, धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. रात्री एक गरम पदार्थ पुरे: भात-आमटी किंवा पिठलं. तांदूळ चढवून पाणी आटत आलं की पातेलं उतरवायचं, घट्ट झाकण लावून वाकळीत गुंडाळून वीस मिनिटं ठेवायचं. भात होतो, गॅस वाचतो, आणि वाऱ्यात ज्योत सांभाळत बसायची वेळ निम्म्यावर येते. दिरांची तक्रार वाऱ्याची आहे ना, तिचा अर्धा उपाय इथंच झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी आडोसा उभा करायचं काम त्यांच्याकडंच सोपवा. आपण सुचवलेल्या जागेपेक्षा आपण स्वतः बांधलेली जागा माणसाला जास्त पटते.

पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ल्याकडं किंवा तिलारीला जाणाऱ्यांनी एक ताडपत्री वेगळी न्यावी, साधारण ३ बाय ४ मीटरची. दोन झाडांना सव्वादोन मीटर उंचीवर दोरी, त्यावर ताडपत्री, वाऱ्याकडची कड कमरेपर्यंत खाली ओढून बांधलेली, बाकी तीन बाजू उघड्या. खाली फक्त गॅस. लाकडाची चूल ताडपत्रीखाली नाही, तीही प्लास्टिकच आहे. आणि वारा इतका असेल की ताडपत्रीच उडते, तर त्या रात्री कडक भाकरी खाऊन झोपावं.

जेवण झालं की खरकटं, उरलेलं अन्न, तेलाची भांडी तंबूत ठेवू नका. मुंग्या, कुत्री, रानडुकरं वासावर येतात. त्या रानात अस्वलंही आहेत. सगळं डब्यांत घालून गाडीच्या डिकीत. गॅसचे डबे मात्र उन्हातल्या डिकीत राहू देऊ नका, दिवसा सावलीत काढून ठेवा.

आता सासूबाईंची ऊब. डिसेंबरात तिकडं पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, दहिवर पडतं. तंबूत थंडी वरून कमी, खालून जास्त लागते, आणि आपण पांघरुणं वाढवत बसतो. खाली फोमची चटई, तिच्यावर घोंगडं दुहेरी, मग सतरंजी. वर वाकळ आणि एक शाल. कानटोपी, पायमोजे, दोन्ही कोरडे, दिवसभर घातलेले नव्हेत. रबरी पिशवीत गरम पाणी, उकळतं नाही, बूच घट्ट लावून, टॉवेलात गुंडाळून पायाशी. शेगडीनं जी ऊब मिळाली असती ती तासाभरात गेली असती. ही पहाटेपर्यंत पुरते. खिडक्यांच्या जाळ्या उघड्याच राहू द्या. डासांची कॉईल, मेणबत्ती, कंदील यांनाही आत जागा नाही, बॅटरीचा दिवा न्या. आणि त्यांनाच एकदा विचारा, तंबूत झोपायचंय का? शेतघराची खोली असेल तर त्या तिथं सुखानं झोपतील आणि सकाळी चहाला चुलीपाशी येतील. (तिथंही दार लावून शेगडी नकोच.)

तरीही रात्री कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, दोघांना एकदमच व्हायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. आधी सगळे बाहेर, मोकळ्या हवेत, मग १०८ किंवा ११२. जांबोटीच्या पुढं मोबाईलला रेंज कुठं मिळते ते उजेडातच बघून ठेवा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं, साधं पाणी. हळद, तूप, टूथपेस्ट नाही. वितळलेलं कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढून काढू नका, पाणी घालत दवाखाना गाठा.

जायच्या आदल्या रविवारी दोन्ही तंबू अंगणात किंवा गच्चीवर उभे करा. तीच वेळ चेन अडकते का ते बघायची. संध्याकाळी, दिवे बंद करून, सगळ्यांना आत निजवा आणि चेन ओढून घ्या. मग हाक मारा. सगळ्यात धाकटं मूल आणि सासूबाई बाहेर यायला किती वेळ लागतो ते दिरांनाच घड्याळ लावून मोजू द्या. ज्यांना जास्त वेळ लागेल त्यांची अंथरुणं दाराशी घाला, आणि उशाशी, मोठ्यांच्या हाताला येईल अशी, कापड फाडता येईल अशी एक सुरी म्यानात घालून ठेवा.